सॅकच्या पट्ट्यावर कॅमेरा: क्लिप कशी लावायची आणि कधी रिकामी ठेवायची

ट्रेकला कॅमेरा नेणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचा कॅमेरा टॉवेलात गुंडाळून सॅकच्या तळाशी, डब्याखाली असतो आणि माथ्यावर पोचल्यावरच बाहेर येतो. वाटेत धुकं फाटून क्षणभर दिसलेला सुळका, घाणेरीवर बसलेलं फुलपाखरू, दगडाआड सटकणारा सरडा हे सगळं राहून जातं, कारण सॅक उतरवायचा कंटाळा. दुसऱ्या पंथाचा कॅमेरा गळ्यात. तो चढाला पोटावर आपटतो, वाकलं की पुढे झोके घेतो आणि दुपारपर्यंत मान धरते.

दोन्हींच्या मधली सोय म्हणजे सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी क्विक रिलीज क्लिप. हात नेला, बटण दाबलं, कॅमेरा वर ओढला की डोळ्याला. फोटो झाला की परत खटकन जागेवर. दोन्ही हात मोकळे आणि मानेवर भार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीक डिझाइन कंपनीने २०११ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून ‘कॅप्चर’ नावाची क्लिप आणली. त्यानंतर हा प्रकार सगळीकडे पसरला. आता उलान्झीच्या फाल्कॅम एफ३८ सारख्या क्लिपा आहेत आणि बिननावाच्या स्वस्त नकलाही ढिगाने मिळतात. तत्त्व सगळ्यांचं एकच: पट्ट्याला आवळलेली धातूची क्लिप आणि कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसवलेली छोटी चौकोनी प्लेट. प्लेट क्लिपच्या खाचेत वरून सरकते आणि आतली खीळ तिला अडवते.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्लिप तुटली तर? ती भीती सोडून द्या. पीक डिझाइन आपल्या क्लिपची ताकद ९० किलो सांगते, आपला कॅमेरा किलो-सव्वा किलोचा. कॅमेरा पडतो तो दोनच कारणांनी. एक तर प्लेटचा स्क्रू ढिला झालेला असतो, नाहीतर प्लेट खाचेत अर्धीच बसलेली असते. दोन्ही कारणं हाताने तपासता येतात, आणि या लेखातलं निम्मं काम त्या तपासणीचंच आहे.

आधी आपली सॅक पाहा

क्लिप मागवण्यापूर्वी सॅकचा पट्टा मोजा. कॅप्चर क्लिप साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड पट्ट्यापर्यंत बसते. ऑफिसच्या लॅपटॉप बॅगेला यात अडचण येत नाही. मोठ्या ट्रेकिंग सॅकचे पट्टे मात्र फोम घालून फुगवलेले असतात. फोम दाबून बसत असेल तर चालेल, पण क्लिपच्या बोल्टचे आटे जेमतेम दोन फेरे धरत असतील तर चालणार नाही. जाड पट्ट्यांसाठी लांब बोल्ट वेगळे मिळतात, ते घ्या. फोम जबरदस्तीने चेपून बोल्ट आवळत बसू नका.

पट्टा किती ताठ आहे हेही बघा. मऊ, लुळा पट्टा कॅमेऱ्याच्या वजनाने बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि मग कॅमेरा छातीवर टेकण्याऐवजी काखेकडे वळून लोंबतो. अशा पट्ट्यासाठी क्लिपच्या मागे घालायची गादी मिळते. माझ्या मते लुळ्या पट्ट्याच्या सॅकवर क्लिपचा खर्च करण्यापेक्षा आधी सॅक बदलावी. कमरेचा आणि छातीचा पट्टा नसलेल्या सॅकवर तर क्लिप लावूच नये, कारण चालताना अख्खी सॅकच हलते.

वजनाचा अंदाज हवा असेल तर हे आकडे पाहा. कॅनन १५००डी आणि त्यासोबतची १८-५५ लेन्स मिळून पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास भरते. सोनी ए६४०० वर १८-१३५ लावली तर सव्वासातशे. निकॉन झेड६ टू वर २४-७० एफ/४ असेल तर बाराशे. इथपर्यंत क्लिप सुखाने काम करते. ७०-२०० एफ/२.८ सारख्या लेन्स बहुतेक एकट्याच किलोच्या वर जातात आणि लांबीमुळे चढाला मांडीवर आपटतात. क्लिप ते वजन पेलेल, पण तुमचा गुडघा ते सहन करणार नाही. पक्ष्यांसाठीची लांब लेन्स असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिच्यासाठी छातीवर बांधायची वेगळी पिशवीच बरी.

प्लेट

इथे घाई नको. कॅमेऱ्याच्या तळाला जे भोक असतं ते पाव इंचाचं, जगभर एकच माप. त्यातच ट्रायपॉडचा स्क्रू जातो आणि त्यातच ही प्लेट.

कॅमेरा क्लिपला लटकतो तेव्हा त्याचा तळ तुमच्या छातीकडे, लेन्स खाली जमिनीकडे, मागचा पडदा (स्क्रीन) वर आभाळाकडे आणि फ्लॅशची जागा समोर असते. म्हणजे प्लेटचा स्क्रू छातीपासून सरळ समोर जाणारा आस झाला. आता तुम्ही चालू लागलात की लेन्स घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडे हलते आणि त्या हलण्याचा आस म्हणजे नेमका तोच स्क्रू. प्रत्येक पावलाला कॅमेरा स्वतःला थोडा आवळतो, थोडा सैल करतो. एका पावलात काहीच होत नाही, पण गडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत हजारो पावलं पडतात. स्क्रू ढिला होतो तो असा. त्यात क्लिपचा काही दोष नाही.

म्हणून प्लेट लावायची पद्धत सांगतो. कॅमेऱ्याचा तळ आणि प्लेटवरचं रबर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. धूळ, घामाचा ओशटपणा, जुन्या स्टिकरचा गोंद काहीही उरायला नको, कारण प्लेट फिरू न देण्याचं काम रबराच्या घर्षणावर चालतं. तळाला चामड्याचं अर्धं कव्हर असेल तर काढा. कातडं दबतं आणि स्क्रू सैल पडतो. प्लेट कॅमेऱ्याच्या कडांना समांतर धरून स्क्रू आधी बोटांनी, शेवटपर्यंत फिरवा. मग अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) साधारण पाव फेरा. नाणं घालून आवळणं पुरेसं होत नाही. उलट प्लास्टिक बॉडीच्या कॅमेऱ्यावर पान्ह्याने अंगातला सगळा जोर लावणंही बरोबर नाही, तळाचे आटे जातात. कॅमेरा एका हातात, प्लेट दुसऱ्या हातात धरून पिळून पाहा. प्लेट तसूभरही फिरली नाही की झालं.

दोन चुका इथे नवख्यांकडून हमखास होतात. पहिली म्हणजे, हरवलेल्या स्क्रूच्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी ट्रायपॉडचा लांब स्क्रू लावणं. तो भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण प्लेट मात्र खुळखुळत राहते. वर आतला भाग दुखावण्याची शक्यता वेगळीच. दुसरी म्हणजे, ‘आर्का टाइप’ (ट्रायपॉडच्या प्लेटचं एक प्रचलित माप) लिहिलेली कुठलीही प्लेट कुठल्याही क्लिपमध्ये घालणं. त्या मापात कंपनीगणिक थोडा फरक असतो. ट्रायपॉडचा जबडा आवळता येत असल्याने तो फरक तिथे खपून जातो, क्लिपची खीळ मात्र ठरलेल्याच जागी अडकते. क्लिपसोबत आलेलीच प्लेट वापरा.

आट्यांवर लावायचा चिकट द्रव, म्हणजे थ्रेडलॉकर, घालावा का, असंही विचारलं जातं. नको. काही प्लास्टिकना त्याने तडे जातात आणि कॅमेऱ्याचा तळ ही ती जोखीम घ्यायची जागा नव्हे. त्याऐवजी घरातलं नेलपॉलिश घ्या आणि स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर जाणारी एक बारीक सरळ रेघ ओढा. स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. यंत्रांच्या देखभालीत बोल्टवर अशी खूण करायची पद्धत जुनीच आहे, आणि वाटेत थांबल्यावर नुसत्या नजरेने तपासणी होते. शेवटी प्लेट लावल्यावर बॅटरीचं झाकण उघडतं का पाहा. लहान मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये बॅटरी आणि कार्ड एकाच झाकणाखाली असतं. ते प्लेटला अडत असेल तर प्लेट थोडी सरकवून बसवा. नाहीच जमलं तर बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि रिकामं कार्ड घालूनच निघा, आणि अ‍ॅलन की सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. तशीही ती तिथे असायलाच हवी.

क्लिप कुठे आणि किती उंचीवर

उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी क्लिप डाव्या पट्ट्यावर लावावी. कारण साधं आहे. लेन्स खाली आणि तळ छातीकडे असताना कॅमेऱ्याची मूठ तुमच्या उजवीकडे येते. डाव्या पट्ट्यावर कॅमेरा असेल तर मूठ छातीच्या मध्याकडे वळलेली राहते आणि उजवा हात सहज तिच्यावर पडतो. उजव्या पट्ट्यावर तीच मूठ दंडाकडे जाते आणि चालताना हात तिच्यावर घासत राहतो. डावखुऱ्यांनाही मूठ उजव्या हातानेच धरायची असल्याने डावाच पट्टा सोयीचा.

उंची ठरवताना सॅक भरलेली हवी. रिकाम्या सॅकवर जागा ठरवली तर वजन आल्यावर पट्टा ओढला जातो आणि सगळं खाली येतं. पाणी, डबा, जॅकेट भरा, कमरेचा पट्टा आवळा, छातीचा पट्टा लावा आणि आरशासमोर उभे राहा. गळ्याच्या हाडाच्या चार बोटं खाली, जिथे पट्टा सपाट आणि सरळ असतो, ती जागा योग्य. त्याहून खाली गेलात तर गुडघा उचलल्यावर लेन्स मांडीला लागते. फार वर नेलीत तर वाकताना पडदा हनुवटीला लागतो. स्त्रियांसाठीच्या सॅकचे पट्टे नागमोडी असतात, त्यावर क्लिप वळणाच्या वरच्या सरळ भागात लावा. छातीच्या पट्ट्याचा सरकता हूक किंवा पाण्याच्या नळीची पट्टी मध्ये येत असेल तर ती वर-खाली करा. त्यांच्यावर क्लिप बसवू नका, एका बाजूने उचललेली राहते.

बसवताना क्लिपचा एक बोल्ट पूर्ण सोडा, मागची पट्टी बाजूला वळवा, सॅकचा पट्टा मध्ये घ्या, पट्टी बंद करा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच आधी करकचून आवळला तर क्लिप तिरकी बसते. फोम दबायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या तासाभरात बोल्ट थोडे सैल झाल्यासारखे वाटतात. वाटेतल्या पहिल्या विसाव्याला पुन्हा एकदा आवळा. त्यानंतर सहसा दिवसभर पुन्हा आवळावे लागत नाहीत.

एका खांद्यावर किलोभर वजन वाढलं की सॅक तिकडे ओढते. पाण्याची लिटरची बाटली सॅकच्या उजव्या खिशात ठेवली की हिशेब बरोबर होतो. बाटली रिकामी होत जाईल तसा तोल पुन्हा बिघडतो हे खरं, पण तोवर डबाही रिकामा झालेला असतो.

गादीवर सराव

घरात, पलंगाशेजारी उभे राहा. सॅक पाठीवर, कॅमेरा क्लिपवर. पडलाच तर गादीवर पडेल.

कॅमेरा काढण्याचा क्रम असा: आधी मूठ पूर्ण पकडीत, मगच बटण, मग सरळ वर ओढणं. बटण आधी दाबून मग कॅमेऱ्याकडे हात नेण्याची सवय लागली तर ती मोडायला वेळ लागेल, म्हणून पहिल्यापासूनच क्रम पाळा. ठेवताना प्लेट खाचेच्या वरच्या तोंडाशी आणा, खाली सरकवा, ‘खट’ आवाज ऐका, आणि मूठ न सोडता कॅमेरा एकदा वर आणि एकदा बाहेरच्या बाजूला ओढून पाहा. दोन्हीकडे हलला नाही तरच हात सोडा. धबधब्याच्या किंवा वाऱ्याच्या आवाजात ‘खट’ ऐकू येत नाही, तिथे ओढून पाहणं हीच खात्री. कॅप्चर क्लिपचं लाल बटण फिरवून लॉक करता येतं. गर्दीच्या वाटेवर, उताराला आणि कॅमेरा बराच वेळ लागणार नसेल तेव्हा ते लॉक करून टाका.

न बघता, नुसत्या स्पर्शाने खाच सापडायला लागेपर्यंत हे करत राहा. वाटेवर तुमची नजर पायाखाली हवी, छातीवर नको.

सरावातच बाकीच्या बारीक गोष्टी ठरवून घ्या. गळ्याचा लांब पट्टा काढा. तो कारवीत अडकतो, शिडीच्या दांड्यात अडकतो, आणि पाय घसरला तर तुम्हाला कॅमेऱ्याला बांधून ठेवतो. त्याऐवजी मनगटाचा छोटा पट्टा लावा. हातात कॅमेरा घेतला की आधी मनगट त्यात, मग फोटो. ज्यांना क्लिपवर अजून विश्वास बसत नाही त्यांनी कॅमेऱ्याच्या कडीपासून सॅकच्या पट्ट्यापर्यंत एक पातळ मजबूत दोरी छोट्या कॅराबिनरने (स्प्रिंगच्या कडीने) अडकवावी, कॅमेरा डोळ्यापर्यंत जाईल एवढीच लांब.

लेन्सचं हूड, म्हणजे तिच्या तोंडावरची प्लास्टिकची कड, सरळ लावा. उलटं लावलेलं हूड काहीच वाचवत नाही. सरळ लावलेलं असेल तर दगडाचा पहिला धक्का काचेऐवजी त्या प्लास्टिकला बसतो. कॅप चालताना गळून पडते आणि मग दिवसभर तिचीच चिंता, त्यापेक्षा साधा यूव्ही फिल्टर लावून कॅप खिशात टाकलेली परवडते. काही झूम लेन्स खाली लटकल्या की आपोआप लांब होतात. त्यांच्यावर लॉकची कळ असेल तर ती लावा. पडदा उलटा फिरवता येत असेल तर आत वळवून ठेवा, घाम आणि पावसाचे थेंब त्यावर थेट पडत नाहीत. कॅमेरा बंद करूनच क्लिपला लावा. चालू राहिला तर डोळा लावायच्या भिंगाजवळचा सेन्सर सावली पडली की जागा होतो आणि बॅटरी खात बसतो.

पहिली वाट सोपी निवडा

पहिल्यांदा लोहगडासारखा बांधीव पायऱ्यांचा किल्ला निवडा, किंवा राजगडाची पाली दरवाज्याची वाट. रुंद पायऱ्या, हात लावायची गरज नाही, मध्येच थांबून फोटो काढता येतो. हरिश्चंद्रगड पाचनईच्या बाजूने केलात तर कड्याच्या पोटातून जाणारी वाट क्लिपसाठी जवळजवळ आदर्श आहे. चालणं जास्त आणि बघण्यासारखं बरंच.

दर विसाव्याला तीन गोष्टी: नेलपॉलिशची रेघ बघा, कॅमेरा पिळून बघा, क्लिप पट्ट्यावर सरकली का बघा. पाणी पिण्याआधी केलं की विसरत नाही.

आणि एक नियम असा की त्याला अपवाद नाही. सॅक उतरवण्याआधी कॅमेरा काढायचा. खांद्यावरून सॅक घसरवून दाणकन जमिनीवर ठेवायची आपल्या सगळ्यांची सवय असते, आणि त्या वेळी लेन्सचं तोंड जमिनीकडे असतं. फुटलेल्या फिल्टरची कहाणी बहुतेक वेळा कड्यावर घडलेली नसते, ती विसाव्याच्या दगडाशी घडलेली असते. कॅमेरा काढून मनगटात, मग सॅक खाली, मग कॅमेरा सॅकवर. चढवताना उलटा क्रम.

क्लिप कधी रिकामी ठेवायची

क्लिप घेतली म्हणून कॅमेरा दिवसभर तिच्यावरच हवा असं नाही. अनुभवी माणसाची क्लिप अर्ध्या वाटेला रिकामी असते.

सह्याद्रीतली अडचण अशी की चालणं आणि चढणं यांची सरमिसळ असते. तासभर मळलेली वाट, मग अचानक कातळटप्पा. कॅमेरा छातीपासून सहज वीतभर पुढे येतो. कातळाला अंग भिडवून चढायचं असेल तेव्हा ती वीत तुम्हाला भिंतीपासून लांब ढकलते. म्हणजे तोल बाहेर जातो. शिवाय छातीवरच्या कॅमेऱ्यामुळे पायाखालची खोबणी दिसत नाही, आणि उतरताना तर तीच दिसायला हवी असते. इथे कॅमेरा फुटण्यापेक्षा माणूस पडण्याचा धोका मोठा आहे.

हरिहरच्या कातळात खोदलेल्या खड्या पायऱ्या हे ढळढळीत उदाहरण. हाताला खोबण्या आहेत, पण अंग दगडाला चिकटून ठेवावं लागतं, आणि पायऱ्यांनंतरच्या आडव्या वाटेवर कपारीखालून वाकून जावं लागतं. पायऱ्या सुरू होण्याआधीच कॅमेरा सॅकमध्ये. त्या परिसरातली माकडं चमकणाऱ्या आणि लोंबणाऱ्या वस्तूंवर डोळा ठेवून असतात, तेही निभावतं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, रतनगडाच्या शिड्या, राजगडाच्या बालेकिल्ल्याचा चढ इथेही हेच. गुंजवण्याहून राजगडावर चोर दरवाज्याने शिरताना वाकावं लागतं आणि वाकलेल्या माणसाचा कॅमेरा सगळ्यात आधी दगडाला भेटतो. सांदण दरीत पाण्यातून आणि धोंड्यांवरून जायचं असतं, तिथे तर कॅमेरा पाणीरोधक पिशवीतच हवा. नळीची वाट किंवा अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी काही टप्प्यांवर दोर आणि हार्नेस लागतात. तिथे छातीवर काहीही लटकवू नये, कॅमेरा नाही आणि मोबाइलही नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक काठाशी पालथे पडून खाली डोकावतात. पालथं पडण्याआधी क्लिप रिकामी करा आणि कॅमेरा घ्यायचाच असेल तर मनगटाच्या पट्ट्यात हात घालून घ्या. काठावर प्लेट तपासत बसू नका, चार पावलं मागे येऊन तपासा. कड्यावरून किंवा नाळेतून सुटलेला किलोभराचा कॅमेरा खालून येणाऱ्यांच्या दृष्टीने दगडच असतो. वरून दगड सुटला की आपण ‘दगड!’ म्हणून ओरडतो. कॅमेरा सुटला तरी तेच ओरडायचं, हळहळ नंतर.

घसाऱ्याच्या उतारावर माणूस बसून घसरत उतरतो. तिथेही कॅमेरा आत. कारवीच्या दाट रानात फांद्या बटणात, डायलमध्ये घुसतात आणि मोड बदलून ठेवतात. काढला तर उत्तम, नाहीतर निदान बटण लॉक करा.

आणि कसाऱ्याची किंवा कर्जतची लोकल. गर्दीत सॅक पुढे घ्यावी लागते, म्हणजे कॅमेरा तुमच्या आणि समोरच्याच्या मध्ये चेपला जातो. एसटीत सॅक पायाशी किंवा वरच्या फळीवर जाते. प्रवासात कॅमेरा सॅकमध्येच ठेवा, क्लिप पायथ्याच्या गावात पोचल्यावर सुरू.

यासाठी सॅकमध्ये कॅमेऱ्याची जागा आधीच ठरलेली हवी. सॅकच्या सर्वांत वर, जाड कापडी कव्हरात किंवा कॅमेऱ्याच्या छोट्या गादीदार डब्यात. ‘आत टाकायला जागा नाही’ या एका कारणाने माणसं शिडीवर कॅमेरा छातीला लावून चढतात.

पाऊस

जून ते सप्टेंबर हाच आपला ट्रेकचा मोसम आणि हाच कॅमेऱ्याचा वैरी. सॅकचं रेनकव्हर पाठीमागे असतं, पट्ट्यावरचा कॅमेरा उघडाच. शिवाय क्लिपवर कॅमेरा ज्या पद्धतीने लटकतो त्यात पडदा, कळा आणि डोळ्याचं भिंग आभाळाकडे असतात. पाणी साचायला यापेक्षा सोयीची जागा नाही. पाणीरोधक म्हणून विकलेला कॅमेराही लेन्सच्या बुडाशी रबराची चकती नसेल तर तिथून पाणी पितो.

रिमझिम असेल तर इलास्टिकची प्लास्टिक शॉवर कॅप कामाला येते, हॉटेलात मिळते ती. वरून कॅमेऱ्यावर ओढली की पडदा आणि कळा झाकल्या जातात, काढायला क्षणभर पुरतो. सलग पाऊस लागला की पोंचोखाली कॅमेरा ठेवण्याचा मोह होतो. आत घामाची वाफ कोंडते आणि लेन्स आतून धुरकटते, म्हणून तोही उपाय अर्ध्या तासापुरताच. खरा उपाय तोंड गुंडाळून बंद होणारी पाणीरोधक पिशवी, ती नसेल तर दोन जाड झिप पिशव्या, एकात एक.

भिजलेला कॅमेरा घरी आल्यावर बंद पिशवीत किंवा कपाटात टाकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. पुसून, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवून, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

ट्रायपॉडशी नातं

या प्लेटचा एक जादा फायदा असा की आर्का पद्धतीच्या ट्रायपॉड हेडवर ती थेट बसते. माथ्यावर मुक्काम असेल, ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर स्क्रू काढ-घाल करावी लागत नाही. तुमचा ट्रायपॉड स्वतःची वेगळीच प्लेट मागत असेल तर दर वेळी बदलाबदली करू नका. त्यातच स्क्रू अर्धवट आवळला जातो. ट्रायपॉडला आर्काचा छोटा जबडा बसवून घ्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. रायगड आणि लोहगड त्यात येतात, तेव्हा तिकडे जाताना तो सोबत घेण्याआधी विचार करा.

देखभाल

ट्रेकहून आल्यावर क्लिप सॅकवरून काढा. पट्ट्याच्या फोमला एकाच जागी दाबून ठेवलं की तो तिथे कायमचा बसतो. खाचेतली लाल माती जुन्या टूथब्रशने काढा, गोड्या पाण्याने धुवा, सुकवा. हरिहरेश्वर-मुरुडकडच्या किनाऱ्यावर नेली असेल तर हे त्याच दिवशी करा, खारी हवा आणि वाळू बटणाच्या स्प्रिंगला लवकर पकडते. तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून लेप बसतो. बटण दाबून सोडल्यावर खीळ झटकन परत येते का पाहा. सुस्त येत असेल तर पुन्हा धुवा. धुऊनही सुस्तच राहिली तर ती क्लिप पाण्याची बाटली अडकवायला वापरा आणि कॅमेऱ्यासाठी नवी घ्या.

प्लेट कॅमेऱ्यावरच राहू द्या. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ती काढून तळ पुसा, रबर फाटलंय का बघा आणि नवी रेघ ओढा. कॅमेरा मित्राला काही दिवस दिला असेल तर परत आल्यावर पहिलं काम हेच. त्याने मध्ये ट्रायपॉडसाठी प्लेट काढून पुन्हा बोटानेच आवळून दिलेली असण्याची शक्यता बरीच असते.